शिरोलंब, उंची, मध्यगा, लंबदुभाजक: कोणता शब्द कुठे?

प्रश्न असा आहे: त्रिकोणाची ‘उंची’ आणि ‘शिरोलंब’ हे समानार्थी शब्द आहेत का? आणि ‘मध्यगा’ व ‘लंबदुभाजक’ दोन्ही बाजूच्या मध्यबिंदूतूनच जातात, तर नावे दोन कशाला?

समानार्थी नाहीत. शिरोलंब हा रेषाखंड आहे, उंची ही त्याची लांबी. म्हणून ‘शिरोलंब काढा’ आणि ‘उंची काढा’ यांतले ‘काढा’सुद्धा वेगळे. पहिल्याला पट्टी आणि गुण्या लागतो, दुसऱ्याला आकडेमोड.

शिरस् अधिक लंब, विसर्गाचा ओ होऊन शिरोलंब: शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेला लंब. संस्कृतात ‘लंब्’ म्हणजे लोंबणे, लटकणे. ओळंबाही त्याच कुळातला. पण ओळंबा जमिनीकडे बघतो, भूमितीतला लंब समोरच्या बाजूकडे. त्रिकोण तिरका काढला की पुष्कळ जण शिरोबिंदूतून पानावर सरळ खाली रेघ ओढतात, आणि ती बाजूशी 90 अंशांचा कोन करतच नाही. ‘पाया’ शब्दही असाच फसवा आहे. पाया म्हणजे खालची बाजू नव्हे. तिन्हींपैकी कोणतीही बाजू पाया धरता येते, म्हणून शिरोलंबही तीन.

आता अबक हा त्रिकोण काढा: अब 13 सेंमी, बक 14, अक 15. गुण्याची काटकोनाची एक कड बक वर टेकवा आणि दुसरी कड अ ला भिडेपर्यंत गुण्या सरकवत न्या. तिथून ओढलेला शिरोलंब बक ला ब पासून 5 सेंमीवर मिळतो. हा बिंदू म्हणजे लंबपाद. उंची बरोबर 12 सेंमी. कोन अ चा दुभाजक मात्र ब पासून 6.5 सेंमीवर पोचतो, कारण तो समोरच्या बाजूचे 13:15 या प्रमाणात भाग करतो. मध्यगा 7 सेंमीवर, म्हणजे मध्यबिंदूवर. लंबदुभाजकही 7 वरूनच निघतो, पण अ कडे न जाता अक या बाजूला छेदतो.

दोन नावे लागतात ती यासाठी. ‘मध्यगा’ म्हणजे मध्याकडे जाणारी (‘खग’मधला ‘ग’ तोच). ती शिरोबिंदूपासून मध्यबिंदूपर्यंतचा रेषाखंड आहे आणि बाजूशी काटकोन करायला बांधलेली नाही. लंबदुभाजक ही रेषा. तिला काटकोन हवा, मध्यबिंदू हवा, शिरोबिंदूशी देणेघेणे नाही. समद्विभुज त्रिकोणात समान बाजूंमधल्या शिरोबिंदूपाशी हे सगळे एकाच रेषेवर येतात. उदाहरणादाखल नेहमी तीच आकृती काढली, की शब्दांची सरमिसळ होते. निदान समजावताना तरी विषमभुज त्रिकोणच घ्यावा. (‘माध्यिका’ आणि ‘शीर्षलंब’ हे हिंदीतले शब्द, मराठीत मध्यगा आणि शिरोलंब आहेत, तेच वापरावेत. संख्याशास्त्रातला ‘मध्यक’ वेगळा.)

वर घेतलेला त्रिकोण नवा नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. 1150) तो आहे: भूमी (म्हणजे पाया) 14, भुजा 13 आणि 15, लंब आणि ‘आबाधा’ सांगा. लंबपादामुळे पायाचे जे दोन तुकडे पडतात, त्या आबाधा. इथे 5 आणि 9. शाळेच्या मराठीत या तुकड्यांना स्वतंत्र नाव नाही. आबाधा हा नेमका, छोटा शब्द परत रुळवावा असे मला मनापासून वाटते.

विशालकोन त्रिकोणात तर त्याची फारच गरज भासते. तिथे तीनपैकी दोन शिरोलंबांचा लंबपाद समोरच्या बाजूच्या बाहेर पडतो, म्हणून बाजू ठिपक्यांनी वाढवून त्यावर लंब टाकावा लागतो. ते राहिले, की लोक लंब ओढून-ताणून बाजूवर बसवतात आणि काटकोन हातचा जातो. लीलावतीतच असा त्रिकोण आहे: भुजा 10 आणि 17, भूमी 9. लंब 8, क्षेत्रफळ 36. एक आबाधा 15, म्हणजे पायापेक्षाही मोठी. दुसरी 6, पण ऋण, कारण ती उलट दिशेला मोजायची. 15 मधून 6 गेले की पायाचे 9 उरतात.