सेल्फ नुसता ‘टक्’ करतो

प्रश्न: जुन्या चेनच्या ट्रॅक्टरचा सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) मारला की एकदाच ‘टक्’ होतं, इंजिन फिरत नाही. 12 व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्या नव्या आहेत. – एक वाचक, इंदूर

उत्तर: सेल्फ लगेच उतरवू नका. गिअर न्यूट्रलला ठेवून सोलेनॉइडच्या (सेल्फला वीज जोडणारा स्विच) दोन जाड बोल्टांवर मल्टीमीटर लावा आणि चावी फिरवायला सांगा. ‘टक्’ होऊनही 24 व्होल्टच्या (दोन्ही बॅटऱ्यांचे मिळून) आसपास आकडा राहिला, तर आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेत. बहुधा हेच निघतं. बॅटऱ्यांच्या केबल काढूनच सोलेनॉइड खोला. बोल्टाचं डोकं एका बाजूने काळं, खड्डे पडलेलं दिसेल. ते अर्धा फेरा फिरवलं की कोरी बाजू पुढे येते.

आकडा शून्याजवळ आला, तर अर्थची केबल (बॅटरीपासून लोखंडी सांगाड्याला जाणारी) आणि सेल्फचे कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारे ब्रश) बघा. केबलखालचा रंग, गंज खरवडून लोखंड चकचकीत करा.