खुलासा कोणी करायचा: विचारणाऱ्याने की मंत्र्याने?

प्रश्न असा आहे: ‘विरोधी पक्षाच्या एका आमदारांनी आश्रमशाळांतल्या रिक्त पदांवरून मंत्र्यांना विधानसभेत प्रश्न विचारले. संध्याकाळी वाहिनीच्या पट्टीवर “आमदारांचा खळबळजनक खुलासा” असे होते. सकाळच्या वर्तमानपत्रात “मंत्र्यांचा खुलासा” असे आले. खुलासा नक्की कोणी केला? आणि “मंत्र्यांना धारेवर धरले” यातली धार कोणती?’

खुलासा मंत्र्यांनी केला. आमदारांनी तो मागितला. धारेचे मागाहून बघू, कारण या खुलाशाने सध्या वीट आणला आहे.

मराठीत ज्याच्याकडे बोट दाखवले जाते, तो खुलासा करतो. कोणत्याही सरकारी कार्यालयातली कारणे दाखवा नोटीस काढून बघा: ‘तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा आपणांस काहीही सांगावयाचे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल.’ खुलासा मागवतात, सादर करतात, तो मान्य होतो किंवा ‘असमाधानकारक’ म्हणून फेटाळला जातो. नोटीस काढणारा साहेब कधी खुलासा करत नाही. आमदारांनी ‘खळबळजनक खुलासा’ केला असे लिहिले, की रिक्त पदांचा जाब आमदारांनाच विचारला होता असा अर्थ होतो. विचारणाराच आरोपी!

विधिमंडळाने हा शब्द नेमका जिथे हवा तिथे बसवला आहे. तारांकित प्रश्नाचा, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या प्रश्नाचा, छापील मजकूर सुरू होतो तोच असा: ‘सन्माननीय आदिवासी विकास मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय.’ मग ठरलेली उतरंड. (१) अमुक जिल्ह्यातल्या आश्रमशाळांत शिक्षकांची इतकी पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय. (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. (३) चौकशीत काय आढळून आले व तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरेही ठरलेली: ‘हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’ आणि सगळ्यांत सोयीचे, ‘प्रश्न उद्भवत नाही’.

यातली मेख नवख्या आमदाराला ठाऊक नसते. समजा त्याने ‘२१४ पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय’ असे लिहिले आणि प्रत्यक्षात २११ निघाली, तर मंत्री शांतपणे ‘हे खरे नाही’ म्हणू शकतात. पहिले कलम पडले की ‘असल्यास’ला टेकून उभी असलेली पुढची कलमे आपोआप कोसळतात आणि खुलाशाच्या जागी ‘प्रश्न उद्भवत नाही’ची रांग लागते. मुरलेला सदस्य आकडा आपण देत नाही, मागतो: मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांत कंत्राटी व तासिका तत्त्वावरची किती. ‘पदभरती सुरू आहे’ असे गुळमुळीत उत्तर आले, तर उपप्रश्नात जाहिरातीची तारीख विचारतो. तरीही समाधान झाले नाही, तर प्रश्न राखून ठेवण्याची, म्हणजे उत्तर पुढे घेण्याची, विनंती अध्यक्षांना करतो. या सगळ्या झटापटीत खुलासा करण्याची जबाबदारी एकदाही बाक ओलांडून विरोधकांकडे जात नाही.

मग आमदार करतो ते काय? त्यासाठी मराठीत शब्दांचा दुष्काळ नाही. लपवलेले बाहेर काढले तर गौप्यस्फोट. उघडकीस आणणे, बिंग फोडणे, चव्हाट्यावर आणणे आहेच. नुसता ठपका ठेवला तर आरोप. ओळखायची खूण सोपी आहे: शब्दाआधी ‘समाधानकारक’ लावून बघा. ‘समाधानकारक खुलासा’ कानाला बरोबर लागतो. ‘खळबळजनक’ लावावेसे वाटले, तर तो खुलासा नव्हे, दुसरे काहीतरी आहे.

एक खरे उदाहरण घ्या. बाह्ययंत्रणेकडून कंत्राटी पदे भरण्यासाठी नऊ संस्थांची निवड करणारा महाराष्ट्र शासनाचा निर्णय ६ सप्टेंबर २०२३चा. त्यावर विरोधी पक्ष तुटून पडले: ही टीका आणि हा आरोप. ऑक्टोबरमध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी निर्णय रद्द केल्याचे सांगितले: ही घोषणा. निर्णय मुळात कसा झाला हे त्यांनी सांगितले: हा खुलासा. आणि याची सुरुवात आधीच्या सरकारच्या काळातली आहे, असे सांगून चेंडू विरोधकांच्या अंगणात टाकला: हा प्रत्यारोप. एकाच विषयात पाच वेगळ्या कृती आहेत आणि त्यांना पाच वेगळे शब्द आहेत. सगळ्यांना ‘मोठा खुलासा’ म्हटले, तर कोण उत्तर देतो आहे आणि कोण मागतो आहे हेच वाचकाला कळेनासे होते.

गौप्यस्फोटाला ‘खुलासा’ म्हणणे आले हिंदीतून. हिंदीत ‘खुलासा’ लोकांनी ‘खुलना’शी जोडला, म्हणून त्याचा अर्थ ‘उघड होणे’ असा झाला. हिंदीपुरते ते ठीक आहे. शब्द सीमा ओलांडताना कपडे बदलतातच. पण मराठीतही काही जण ‘खुलणे’पासून खुलासा काढून दाखवतात, तेव्हा मात्र हात टेकावेसे वाटतात. मराठीत कळी खुलते, रंग खुलतो, गप्पा खुलतात. भानगड खुलत नाही, ती उघडकीस येते. आणि ‘-आसा’ हा कोणता मराठी प्रत्यय? तसे असेल तर ‘दिलासा’ कोणत्या क्रियापदापासून काढणार, ‘दिल’ण्यापासून?

खुलासा अरबी आहे. मूळ धातू ख-ल-स, अर्थ शुद्ध होणे, सुटे होणे, मोकळे होणे. अरबीत ‘खुलासा’ म्हणजे अर्क, सत्त्व. दुबईत राहणाऱ्या मराठी माणसाने केकसाठी व्हॅनिला इसेन्सची बाटली घेतली, तर तिच्यावर अरबीत हाच शब्द असतो: व्हॅनिलाचा ‘खुलासा’! मजकुराचा अर्क म्हणजे सारांश, म्हणून उर्दूत ‘खुलासा’ सारांशालाच म्हणतात. आपल्याकडे गाळणे पुढच्या पायरीवर गेले. गोंधळातून खरी गोष्ट वेगळी काढायची, तिच्यावरचा संशयाचा मळ काढायचा, तो खुलासा. गुजराती तर शरीरापर्यंत पोचली: तिथे पोट साफ होण्यालाही ‘खुलासो’ म्हणतात. मंत्र्यांच्या काही उत्तरांना हा अर्थही चालेल.

पण खरी मजा या शब्दाच्या भावंडांत आहे. ‘खलास’ घ्या: सुटका, म्हणून शेवट. आखातात कामाला गेलेल्यांच्या तोंडी हा शब्द दिवसभर असतो. ‘खालसा’ म्हणजे शुद्ध, ज्यात दुसऱ्या कोणाचा वाटा नाही असे. म्हणून मध्ये जहागीरदार नसलेली, थेट सरकारच्या ताब्यातली जमीन खालसा. १८४८ साली साताऱ्याचे राज्य ‘खालसा’ झाले ते याच अर्थाने. त्याचा ‘खाली करणे’शी किंवा ‘खल्लास’शी सरळ संबंध नाही, तरी शाळेत मुले तसेच समजतात. १६९९ साली गुरू गोविंदसिंगांनी उभा केलेला खालसा पंथही याच घराण्यातला आणि नांदेडकरांना तो शब्द शिकवावा लागत नाही. ‘खलाशी’ही यातलाच: जहाजावरचा आणि रेल्वेतलाही, कारण रेल्वेत खलाशी हे रीतसर पदाचे नाव होते. तेव्हा खलाशांच्या भरतीवर मंत्र्यांकडे खुलासा मागणारा खासदार एकाच धातूचे दोन शब्द वापरत असतो.

आणि ‘निखालस’! मूळ ‘खालिस’ म्हणजे शुद्ध. त्याला ‘नि’ लागला. निलाजरा म्हणजे लाज नसलेला, निडर म्हणजे डर नसलेला. त्या हिशेबाने निखालस म्हणजे शुद्धता नसलेला व्हायला हवा. झाला उलट: निखालस म्हणजे अगदी निर्मळ. यावर ठरलेले उत्तर असे, की हा ‘नि’ अतिशयार्थी, म्हणजे ‘अगदी’ असा अर्थ देणारा आहे, ‘निगूढ’मधल्यासारखा. मला हे पटत नाही. संस्कृतातला हा अतिशयार्थी ‘नि’ संस्कृत शब्दांनाच चिकटतो. बोलीतल्या माणसाने अरबी शब्दाला तो उपसर्ग शोधून लावला, हे मानायला फार श्रद्धा लागते. माझे म्हणणे साधे आहे. स्वच्छ, भेसळ नसलेल्या गोष्टींसाठी मराठी कानात आधीच एक रांग उभी होती: निर्मळ, नितळ, निव्वळ, निखळ. त्या पंगतीत ‘खालस’ येऊन बसला आणि शेजारच्या ‘निखळ’ने त्याला आपला ‘नि’ दिला. निखळ अधिक खालस, झाला निखालस. हिंदीतही ‘निखालिस’ आहे, असे म्हणणारे लगेच येतील. असू दे. तिथेही ‘निर्मल’ होताच.

दुसरी फळी शुद्धीवाल्यांची. अरबी शब्द नकोच, ‘स्पष्टीकरण’ लिहा, असा त्यांचा आग्रह. पण स्पष्टीकरण कवितेचे होते, गणिताच्या पायरीचे होते. शाळेच्या प्रश्नपत्रिकेत ‘संदर्भासह स्पष्टीकरण द्या’ असते, तिथे कोणी ‘संदर्भासह खुलासा’ मागत नाही, कारण कवीवर कोणताही आरोप नसतो. खुलाशात समोर संशय उभा असतो. अंगणवाडी सेविकांचे मानधन चार महिने का थकले, याचे ‘स्पष्टीकरण’ मंत्री वित्त विभागाची कार्यपद्धती समजावून देऊ शकतात. खुलासा मागितला, तर का थकले आणि कोणामुळे, हे सांगावे लागते. हा फरक टाकून देण्याइतका मराठीकडे शब्दांचा साठा जास्त झालेला नाही.

राहता राहिली धार. ती शस्त्राची. दुधाची नव्हे.