आईची केमो सुरू होतेय? आधी थर्मामीटर घ्या

ताई, केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. तेव्हा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका; रात्री दोन वाजलेले असले तरी थेट रुग्णालय गाठा. सिंहगड रोडवरून रात्री गाडी कोण काढणार, हे आजच ठरवा.

मोफत उपचारांच्या सरकारी महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) उपचारांआधीच विचारा. धर्मादाय रुग्णालयांत निर्धनांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात, मागायला संकोच नको.

जेवणासाठी मागे लागू नका. मऊ भात, मुगाचं वरण, थोडं थोडं पण वरचेवर. सर्दीवाले पाहुणे मात्र दारातूनच परत पाठवा, अगदी सख्खी मावशी असली तरी. तो वाईटपणा तुम्ही घ्या, आईवर ढकलू नका.