शाळेची चाचणीतली सरासरी कमी आली म्हणून मुलीची शाळा बदलावी का?

तुम्ही विचारलंय की मुलगी गावातल्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीत आहे, संकलित (सत्राअखेरच्या) चाचणीत तिच्या वर्गाची सरासरी 46 टक्के आली, आणि शेजारच्या खासगी शाळेच्या फलकावर पाचवीच्या शिष्यवृत्तीधारकांचे फोटो लागलेत. चौथीला तिकडे घालू का?

मी 19 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवतेय, त्यातली बरीचशी बीडच्या डोंगरपट्ट्यात. नुसत्या 46 या आकड्यावरून शाळा बदलू नका, असंच मी सांगेन. का, ते माझ्याच वर्गाच्या उदाहरणावरून सांगते.

एका वर्षी जुलैत पायाभूत, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीच्या, चाचणीला माझ्या वर्गात 21 मुलं होती. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या, आठ मुलं आईबापांबरोबर कारखान्यावर गेली. पहिल्या सत्राच्या संकलित 1 ला उरली 13. त्यांची सरासरी आली 56. एप्रिलमध्ये संकलित 2 च्या आधी सहा मुलं परत आली. चार-पाच महिने पुस्तक न उघडलेली मुलं ती, त्यांची सरासरी 31. गावातच राहिलेली 13 मुलं मात्र 60 वर पोचली होती. सगळ्या 19 जणांची मिळून सरासरी झाली 51. म्हणजे शाळेत टिकलेलं मूल पुढं गेलं, आणि कागदावर वर्ग 56 वरून 51 वर घसरला. त्या वर्षी मला याचा खुलासा लिहून द्यावा लागला. मी परत आलेल्या सहाही मुलांना चाचणीला बसवलं होतं, आणि आजही बसवीन. ती पण माझीच मुलं आहेत.

तुमच्या गावात स्थलांतर नसेल कदाचित. पण लहान वर्गात हे कुठंही होतं. वीस मुलांच्या वर्गात दोन मुलं आजारी पडली, एक नवं आलं, की सरासरी चार-पाच गुणांनी सहज हलते.

आता फलकाबद्दल. शिष्यवृत्ती परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पाचवीच्या त्या परीक्षेला दोन पेपर असायचे, प्रत्येकी 150 गुणांचे. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. परीक्षा चांगली आहे, कस लागतो मुलांचा. पण ती सगळ्या वर्गाची परीक्षा नाही. फॉर्म भरलेली मुलंच बसतात, आणि फलकावर येतात ती त्यातलीही निवडक. म्हणून त्या शाळेत जाऊन एवढंच विचारा: पाचवीत मुलं किती होती, बसली किती, पात्र किती झाली? पन्नासच्या वर्गातून दहाच बसवून चार फोटो लावले असतील, तर बाकीच्या चाळीस मुलांबद्दल तो फलक काहीच सांगत नाही. तुमची मुलगी त्या चाळिसांत असू शकते.

मग चाचणीचा उपयोग काय? मला तर खूप होतो. पण तो टक्क्यांत नसतो, पेपरात असतो.

माझ्याकडं तिसरीत एक मुलगी होती. हातच्याच्या वजाबाकीला तिनं 52 मधून 37 वजा करून 25 लिहिलं होतं. तशाच पाच गणितांत पाचही चूक. तिला शेजारी घेऊन विचारलं, हे कसं केलंस? म्हणाली, "बाई, 2 मधून 7 जात नाहीत ना, मग मी 7 मधून 2 घेतले." तिनं अंदाजपंचे काही लिहिलेलं नव्हतं, पाचही ठिकाणी तोच विचार होता. आम्ही तुराटीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे केलेले असतात, रबर लावून. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढं ठेवल्या आणि 37 काढून दे म्हटलं. तीन गठ्ठे उचलले, दोन सुट्या उचलल्या, आणि थांबली. थोड्या वेळानं तिनं स्वतःहून एका गठ्ठ्याचं रबर सोडवलं. उरल्या 15. मग पाटीवर 71 वजा 48 दिलं, तर काड्यांना हात न लावता 23 लिहिलं. चाचणीच्या तक्त्यात तिच्या नावापुढं पाच शून्यं होती, आणि अडचण एकच होती.

असंच तांड्यावरच्या एका मुलाचं. घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारा. भागाकार चोख यायचा, पण शाब्दिक उदाहरणं कोरी सोडलेली. तो "प्रत्येकी" या एका शब्दाला अडला होता. "एकेकाला किती" असं म्हटल्याबरोबर उत्तर आलं. गणितात नापास दिसणारं मूल मराठीच्या एका शब्दाशी अडलेलं असतं, हे पेपर समोर घेतल्याशिवाय कळत नाही.

त्यामुळं शाळा पारखायचीच असेल तर वर्गशिक्षकांना भेटा आणि मुलीचा पेपर मागा. सरासरी विचारू नका. "हिला कुठं अडतंय आणि त्यासाठी तुम्ही काय करताय?" एवढंच विचारा. "वाचन बरं आहे, पण जोडाक्षरांना अडखळते, म्हणून रोज दहा मिनिटं घेतोय," असं उत्तर आलं तर मुलगी बऱ्या हातांत आहे. "जरा लक्ष कमी आहे, घरी अभ्यास घ्या," एवढ्यावर बोळवण झाली, पुन्हा विचारल्यावरही तेच, तर मात्र शाळा बदलायचा विचार जरूर करा, सरासरी 46 असो की 86. नव्या शाळेतही प्रवेशाआधी हाच प्रश्न विचारा.

घरीही बघता येईल. प्रथम संस्थेची "असर" ही पाहणी 2005 पासून अशीच होते: घरी जाऊन, एकेका मुलाला समोर बसवून, दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देऊन. 2024 च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या 23.4 टक्के मुलांना तो वाचता आला. 2022 मध्ये हे प्रमाण 16.3 होतं. सुधारणा आहे, पण अजून चारातली तीन मुलं अडतायत. म्हणून तुमची काळजी मला अगदी रास्त वाटते. दुसरीच्या बालभारतीतला, तिला पाठ नसलेला एखादा धडा काढा आणि तिला वाचू द्या. मध्ये शब्द सांगू नका. वाचून झाल्यावर गोष्टीत काय झालं ते तिच्या शब्दांत सांगू द्या. कुठं थांबते, काय गाळते, ते वहीत लिहून ठेवा आणि ती वही बाईंकडं किंवा गुरुजींकडं घेऊन जा. मला असे पालक वर्षातून एक-दोनच भेटतात, आणि त्यांच्या मुलाकडं माझं लक्ष आपोआप जास्त जातं, हे खरं सांगते.

नव्या वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी होईल. तोवर ती याच शाळेत असली तर तो पेपर आणि या एप्रिलचा पेपर शेजारी-शेजारी ठेवून बघा, मुलीला जवळ बसवून.