भट्टीवरचं काम आणि घरचं टेन्शन, यामुळे शुक्राणूंची संख्या कमी होते का?

तुम्ही लिहिलंय की वय ३३, फौंड्रीत भट्टीवर रात्रपाळी, काउंट ९ मिलियन, आणि डॉक्टर एवढंच म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." मीही शिरोली एमआयडीसीत सहा वर्षं भट्टीवर काढलीत. माझा पहिला रिपोर्ट ७ चा होता.

टेन्शनचा वाटा असतो. सततच्या ताणाने कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि वृषणांना मेंदूकडून येणारा हुकूम मंदावतो. पण मी आधी उष्णतेकडे बघेन. वृषणं शरीराबाहेर आहेत ती उगीच नाहीत, त्यांना अंगापेक्षा दोन-तीन अंश गारवा लागतो. आम्ही मात्र जाड पँट, वर चामड्याचा एप्रन, अशा थाटात आठ तास वितळलेल्या धातूच्या रसापाशी उभे! घरी गेल्यावर आतली चड्डी अक्षरशः पिळायची.

अशा गोष्टी कधीकधी कामगारांनाच आधी कळतात. कॅलिफोर्नियात लॅथ्रॉपच्या कारखान्यात डीबीसीपी नावाचं सूत्रकृमिनाशक, म्हणजे जमिनीतले बारीक कृमी मारायचं शेतीचं औषध, हाताळलं जायचं. आपल्यातल्या बऱ्याच जणांना मूल होत नाही, हे तिथल्या कामगारांच्याच ध्यानात आलं. १९७७ साली तपासण्या झाल्या, तर काहींच्या वीर्यात शुक्राणूच नव्हते. तुम्हीही जेवणाच्या सुट्टीत बरोबरच्यांना विचारून बघा. लाजतील, पण बोलतील.

आमच्याकडे तीन वर्षं बायकोच्याच सोनोग्राफ्या चालल्या. आई तिलाच नवस बोलायला लावायची. माझी तपासणी करावी हे कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. त्याची लाज अजून वाटते.

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, वर पुढच्या प्रवासाचे दोनेक आठवडे. म्हणजे आजचा रिपोर्ट तीन महिन्यांपूर्वीची हकीकत सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेची खालची मर्यादा मिलिलिटरला १६ मिलियन आहे, ९ म्हणजे काही शून्य नव्हे. एका रिपोर्टवर निकाल लावू नका. तीन महिने भट्टीपासून लांबचं काम मागा, तंबाखू सोडा, मग वीर्यपतनात २ ते ७ दिवसांचा खंड ठेवून पुन्हा तपासा. तोवर यूरोलॉजिस्टला दाखवून व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाजवळच्या शिरा फुगलेल्या, नाही ना, हे बघून घ्या. मी डिस्पॅचला बदली घेतली, तंबाखू सोडली. आठ महिन्यांनी काउंट २१ आला.

आणि हो, जिममधलं कुणी 'ताकदीचं' इंजेक्शन सुचवलं तर घेऊ नका. त्यात बहुधा टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक असतं, आणि ते बाहेरून मिळायला लागलं की मेंदू वृषणांना काम सांगायचंच थांबवतो, आणि उरलेले ९ पण जातात.