'पोनेर'चे अठरा अर्थ पाठ करायचे का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: शब्दकोशातून 'पोनेर' या स्पॅनिश क्रियापदाचे अठरा अर्थ वहीत उतरवलेत, तरी बोलताना डोक्यात एकटा 'ठेवणे'च येतो. आणि 'दार उघडं ठेव' याचं 'पोन ला प्वेर्ता आब्येर्ता' केलंत तर शिक्षकांनी त्यावर लाल रेघ मारली.

ती वही बाजूला ठेवा. पोनेरला 'ठेवणे' समजून शिकायला सुरुवात केली की पुढचे सतरा अर्थ अपवाद वाटायला लागतात. मीही दोन वर्षं तेच केलं. आपल्या मराठीत पोनेरचा खरा सख्खा आहे 'लावणे'. टीव्ही लावणे, पोनेर ला तेले. गाणी लावणे, पोनेर मूसिका. गजर लावणे, पोनेर ला आलार्मा. कपड्यांचं मशीन लावणे, पोनेर ला लाबादोरा. अंगाला क्रीम लावणे, पोनेर्से क्रेमा. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यातल्या बऱ्याच ठिकाणी वेगळं क्रियापद सुचतं, आपल्याला नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. 'लावणे'ची जोडी 'लागणे'शी, तशी पोनेरची पोनेर्सेशी. 'लो पुसो आ त्राबाखार' म्हणजे त्याला कामाला लावलं. 'से पुसो आ त्राबाखार' म्हणजे तो कामाला लागला. हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी वर्गातच मोठ्याने हसलो होतो. 'से पुसो आ योरार', रडायला लागला. 'से पुसो आ योबेर', पाऊस पडायला लागला. फरक इतकाच की आपल्याकडे मूळ लागणे आणि त्यावरून लावणे. तिकडे मूळ पोनेर, त्याला 'से' चिकटवून दुसरं. एक सावधगिरी बाळगा. काम नेमून दिलं असेल तर 'पोनेर आ', पण 'त्याने मला हसायला लावलं' इथे आसेर (करणे) येतं: 'मे इसो रेईर'.

आता तुमची लाल रेघ. 'दार उघडं ठेव', 'मला एकटं राहू दे', 'ते तिथेच असू दे' या सगळ्यात आहे ती स्थिती तशीच सोडायची असते. तिथे देखार: 'देखा ला प्वेर्ता आब्येर्ता'. जपून ठेवायचं असेल तर ग्वार्दार. 'ठेवणे'साठी पोनेर तेव्हाच, जेव्हा वस्तू एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी जाते. उलट बाजूने 'लावणे'ही कधी दगा देतो. दार लावणे म्हणजे सेर्रार, झाड लावणे म्हणजे प्लान्तार, उशीर लावणे म्हणजे तार्दार.

जिथे आपण 'देणे' म्हणतो तिथेही पोनेर घुसतो, आणि हे मात्र पाठच करायला हवं: उदाहरण देणे, इंजेक्शन देणे, परीक्षेत गुण देणे. दंड ठोकणे आणि अंडी घालणेही त्याच्याकडेच. बाळाचं नाव ठेवणे म्हणजे पोनेर नोम्ब्रे. पण एखाद्याला नावं ठेवणे म्हणजे 'पोनेर बेर्दे', शब्दशः हिरवं करणे. पानं घेणे म्हणजे पोनेर ला मेसा.

स्पेनमध्ये गेलात तर आणखी दोन वापर पहिल्याच दिवशी कानावर पडतील. बारमध्ये माणूस विचारतो, 'के ले पोंगो?' मी व्हॅलेन्सियात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, हा माझ्या अंगावर काय ठेवणार आहे? त्याला म्हणायचं होतं, काय देऊ? उत्तर: 'मे पोने उन काफे'. मेक्सिकोत त्याऐवजी 'मे दा' ऐकाल. दुसरा: 'के पोने आकी?', इथे काय लिहिलंय? पाटी, मेनू, औषधाची बाटली, सगळ्यावर चालतं. लॅटिन अमेरिकेत तिथे बहुतेक 'के दीसे' म्हणतात.

रूपांना घाबरू नका. पोंगो (मी ठेवतो) हा तेंगो (माझ्याकडे आहे), बेंगो (मी येतो), साल्गो (मी बाहेर पडतो) यांच्या कुटुंबातला. भविष्यात पोंद्रे, अगदी तेंद्रेसारखं. भूतकाळात पुसे, पुसिस्ते, पुसो. फडकं मारताना 'पुसे, पुसो' घोकलंत तर विसरणार नाही, फक्त जोर पहिल्या अक्षरावर. आब्लो (बोलला), कोमियो (जेवला) या नियमित रूपांत शेवटच्या अक्षरावर जोर असतो, म्हणून सवयीने पुसोवरही तिकडेच जातो आणि लिहिताना उगाच आघातचिन्ह पडतं. आज्ञार्थ नुसता 'पोन'. झालेल्या क्रियेचं रूप प्वेस्तो, आणि त्याचाच अर्थ बाजारातली टपरी किंवा नोकरीतली जागा. एवढं बसलं की प्रोपोनेर (सुचवणे), सुपोनेर (गृहीत धरणे), कोम्पोनेर (रचणे), ओपोनेर (विरोधात मांडणे) फुकटात मिळतात: सुपोंगो, प्रोपुसे. 'पोर सुप्वेस्तो' (अर्थातच) तर तुम्ही आधीपासून म्हणताच. घरात पोर्तुगीज भाषा येणारे गोव्याचे आजी-आजोबा असतील तर त्यांना सूर्यास्ताला काय म्हणतात विचारा. 'पोर दु सोल' सांगतील. तिकडे लॅटिन पोनेरे झिजून 'पोर' झालं. स्पॅनिशमध्ये 'ला प्वेस्ता दे सोल', आणि मावळणे म्हणजे 'पोनेर्से एल सोल'.

एका जागी मराठीची मदत थांबते, तिथे वेळ घाला. 'होणे'. चेहरा लाल झाला, ती उदास झाली, तो घाबराघुबरा झाला, हे पोनेर्से: 'से पुसो रोखो', 'से पुसो त्रिस्ते'. कारण हा तात्पुरता बदल आहे. वेडा झाला असेल तर बोल्बेर्से, डॉक्टर झाला असेल तर आसेर्से, विधुर झाला असेल तर केदार्से. आपल्या एका 'होणे'चे हे चार तुकडे मला अजूनही कधी कधी अडवतात. रोज एका वाक्याला चारही लावून बघा, मग तुमच्या शिक्षकांना दाखवा.