मुद्दा माझा बरोबर असतो, तरी वादात वाईट मीच का ठरतो?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही मुद्देसूद बोलता, आवाज चढवत नाही, पुरावाही देता; तरी घरचे आणि शेजारचे ऐकत नाहीत, उलट "हा फार शहाणा" म्हणून मोकळे होतात. मग वाद जिंकायचा कसा? मी गोव्यात फोंड्याला एका वकिलाच्या ऑफिसात बावीस वर्षं कारकून आहे. थोडक्यात, लोकांची भांडणं टाइप करून पोट भरतो. तरी गेल्या जूनमध्ये मी तुमच्यासारखाच तोंडावर आपटलो, ते आधी सांगतो.

आमचा शेजारी निवृत्त तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी केलेला. त्याने कंपाउंडला लागून असलेल्या पडवीवर नवे पत्रे घातले आणि पहिल्याच मोठ्या पावसात माझ्या मागीलदारी वीतभर पाणी साचलं. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर मी त्याच्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या जागेत, जाऊन बसलो आणि तीन मुद्दे मांडले. पत्रे नवे, पाणी नवं, म्हणून पाणी पत्र्यांचं. पन्हळ लावायला हवी होती. विचारायला तरी हवं होतं. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "आयक मरे, उदक सकयल वता, वयर वचना." म्हणजे, ऐक रे, पाणी खाली जातं, वर जात नाही. मी म्हटलं, तेच तर सांगतोय! तो उठून आत गेला. पुढचे आठ दिवस पाववाला आला की आम्ही दोघं दोन दिशांना तोंड करून उभे.

नंतर पुन्हा पाऊस कोसळला तेव्हा, डोक्यात राग असतानाच, मी छत्री घेऊन भिंतीपाशी गेलो आणि त्याला हाक मारली. "वाद नको, फक्त बघायला ये." तो आला. पत्र्यांची धार खरंच माझ्या हद्दीत पडत होती, ती त्यालाही दिसली. पण पाणी साचत होतं ते भिंतीखालची माझीच मोरी तुंबल्यामुळे. त्याने माडाचा एक पिडा, म्हणजे झावळीचा जाड देठ, उचलून आत खुपसला, कुजकी चुडतं (झावळ्या) आणि एक दुधाची पिशवी बाहेर आली आणि पाणी गुडगुडत उतरलं. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, पन्हळ मी लावतो.

म्हणून पहिली गोष्ट: जे डोळ्यांनी बघता येतं, त्यावर तोंडाने वाद घालू नका. बिल काढा, टेप लावा, जागेवर जाऊन उभे राहा. आणि जाताना स्वतःची मोरी तुंबली असेल ही शक्यता खिशात ठेवा. माझ्याकडे ती नव्हती.

जुन्या न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत: वाद, जल्प आणि वितंडा. खरं काय ते शोधायला बोलतात तो वाद. जिंकायला बोलतात तो जल्प. स्वतःची बाजूच मांडायची नाही, नुसतं समोरच्याचं खोडत राहायचं, ती वितंडा. आपण तिन्हींना सरसकट वाद म्हणतो. बाल्कांवातला माझा प्रकार जल्प होता आणि रागावू नका, पण तुमचा प्रश्नही "जिंकायचा कसा" असाच आहे. समोरच्याला हे पहिल्या वाक्यात कळतं. त्याच परंपरेत आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचं म्हणणं आपण सांगायचं. मी आता हे करून बघतो. तो "हो, हेच म्हणतोय मी" असं म्हणेपर्यंत माझा मुद्दा काढत नाही. कंटाळवाणं काम आहे. पण निम्म्या वेळा असं निघतं की तो भलत्याच गोष्टीवर भांडत होता.

ऑफिसात हे रोज दिसतं. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कायद्यामुळे वडिलोपार्जित घर विकायचं तर बहुतेक वेळा वारसांबरोबर त्यांच्या नवऱ्याबायकोच्याही सह्या लागतात. भावंडं चार असली तरी टेबलाभोवती माणसं आठ. चौघं तासभर भांडून एकमतावर येतात आणि कोपऱ्यातला जावई सही करत नाही. कारण जमिनीचं नसतंच, इतक्या वर्षांत त्याला कुणी "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलेलं नसतं. घरातल्या वादात असा कोपऱ्यातला माणूस कोण आहे ते बघा. पुष्कळदा बायको असते.

आणि काहीच जमलं नाही तर इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांच्या वाटणीच्या कोर्टातल्या कामात, वारसांचा आपसांतला लिलाव होतो. ज्याला घर हवं त्याने बोली लावायची, घर घ्यायचं आणि बाकीच्यांचा हिस्सा पैशात द्यायचा. "आईच्या घरात माझा जीव आहे" म्हणून रडणारे दुसऱ्याच बोलीला गप्प झालेले मी पाहिलेत. बोलणं फुकट असतं म्हणून माणूस जास्त बोलतो. घरी मी हेच वापरतो. टाइल्स कुठल्या यावर मुलाशी दोन आठवडे वाजलं, तेव्हा म्हटलं, तू निवड, पण दुकानात जाणं, गवंड्यामागे लागणं, सगळं तुझं. मग त्याला माझ्याच टाइल्स आवडायला लागल्या.

मोठ्या वादात मात्र, तो कशाने मिटला असं मानायचं, हे आधी ठरवावं लागतं. आमच्या गोव्यात, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, यावर जनतेचा कौल घ्यायचा ठरला तेव्हा घराघरांत फूट पडली होती. फूल ही विलीनीकरणाची निशाणी, दोन पानं केंद्रशासित राहण्याची; माझे आजोबा फुलाचे, त्यांचे साडू दोन पानांचे. विरोधकांचं म्हणणं, विलीनीकरणवादी सरकार खुर्चीवर असताना कौल निष्पक्ष कसा होणार? तेव्हा मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने डिसेंबर 1966 मध्ये राजीनामा दिला. 16 जानेवारी 1967 ला मतदान झालं आणि भाऊसाहेबांची बाजू 34,021 मतांनी हरली. पुढच्या काही महिन्यांतच लोकांनी त्यांना पुन्हा मुख्यमंत्री केलं. आजोबा मरेपर्यंत फुलाचेच राहिले, पण कौल खोटा होता असं ते म्हणाल्याचं मला आठवत नाही. पंच आधी मान्य केला की हरणाऱ्यालाही घरी जाता येतं.

फॅमिली ग्रुपवर वाद घालू नका. तिथलं आणि रविवारच्या ग्रामसभेतलं बोलणं एकच, समोरच्याशी नसतं, बसलेल्यांसाठी असतं. चार लोकांत कुणी मागे हटत नाही. मेव्हण्याशी राजकारणावर काय करावं ते मात्र मला विचारू नका, मी चहा घ्यायला उठतो.

अजून एक, हे शुद्ध कारकुनी. मिटलं की तारीख ठरवून घ्या. "बघू, करू" असं मिटलेलं भांडण सहा महिन्यांनी पुन्हा आमच्या ऑफिसात येतं, या वेळी फाइल जाड असते. मी शेजाऱ्याला विचारलं, कधीपर्यंत? तो म्हणाला, तुझ्या चवथीआधी, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी. आदल्या दिवशी संध्याकाळी, मी माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची आरास) बांधत असताना, भिंतीपलीकडून हातोड्याचा आवाज आला. पन्हळीचं एक टोक अजून माझ्या बाजूला झुकलंय. ते मी त्याला ऊन असताना सांगणार नाही.